पूजेच्या दिवशी मी कुठे उभी राहू?

सलाम बेटा,

आधी तुझा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे आणखी कुणी हे वाचलं तर उत्तर कशाचं चाललंय ते कळेल. तू २६ वर्षांची, नागपूरच्या मिहानमधल्या एका आयटी कंपनीत दोन वर्षांपासून आहेस. आडनाव असं की ऐकणाऱ्याला तू ख्रिस्ती आहेस असं वाटत नाही, आणि तूही कधी सांगितलं नाहीस. दसऱ्याला फ्लोअरवर कॉम्प्युटरची पूजा होते, गणपतीत आरती होते, दर आठ-पंधरा दिवसांनी कुणाच्या तरी घरचा प्रसाद डब्यातून येतो. आई म्हणते, हात लावू नको. मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, तरुण म्हणतात, जगापासून वेगळी राहा. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, एवढा काय विचार करते, देव सगळे सारखेच. मागच्या वर्षी २४ आणि २६ डिसेंबरची रजा तू चुलतभावाचं लग्न सांगून घेतलीस, आणि ती गोष्ट तुझ्या मनातून जात नाही. प्रामाणिकपणे ख्रिस्ती राहायचं आणि या सगळ्या लोकांत मिसळायचंही, तर कसं, असं तू विचारतेस.

मी पाळक, म्हणजे पास्टर, नाही. ३४ वर्षं नागपुरात सरकारी नोकरीत सिस्टर, म्हणजे नर्स, होते, त्यातली बरीच ऑपरेशन थिएटरात. मंडळीने मला वडील, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांपैकी एक, म्हणून निवडलं (बाई माणूस असून ‘वडील’, याला घरी अजून हसतात) आणि आता अकरा वर्षं मी दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) वर्ग घेते. पाळकांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते, या प्रश्नावर त्यांचा अनुभव आपल्यापेक्षा कमी असतो. त्यांचा आठवडा आपल्याच माणसांत जातो. सोमवार ते शनिवार टिफिन घेऊन बाहेर पडतो ते आपण.

सुरुवात एका शब्दापासून करते. येशूला न मानणाऱ्यांना मंडळीत आपण सर्रास ‘अविश्वासी लोक’ म्हणतो. आपल्या कानाला त्यात काही वावगं वाटत नाही, पण बाहेरच्या माणसाला तो शब्द ‘भरवशाचा नाही’ असा ऐकू येतो. एकदा प्रार्थनासभेला माझ्यासोबत ड्युटीवरची एक जण आली होती. पुढे बोलणाऱ्याने तीन वेळा ‘अविश्वासी’ म्हटलं. घरी जाताना ती एवढंच म्हणाली, “सिस्टर, दहा वर्षं तुमच्या लॉकरची चाबी माझ्याकडे असते.” त्या दिवसापासून मी तो शब्द सोडला. आणि खरं सांगायचं तर या शहरात विश्वास नसलेला माणूस शोधावाच लागतो. कुणाचा टेकडीच्या गणपतीवर आहे, कुणाचा ताजबागेतल्या बाबांवर, कुणाचा बाबासाहेबांनी दिलेल्या धम्मावर. त्यांचा विश्वास आपल्यापेक्षा वेगळा आहे, हे खरं. त्यांच्याकडे विश्वासच नाही, असं म्हणणं खोटं आहे.

आता प्रसाद. तुझ्या आईची भीती मला कळते, कारण मीही तशीच वाढले.

नोकरीचं पहिलं वर्ष. लहान मुलांच्या वॉर्डात नऊ दिवस तापाने फणफणलेलं एक पोर होतं, दहाव्या दिवशी ताप उतरला. त्याची आई पहाटेच टेकडीवर जाऊन आली. वर्तमानपत्राच्या कागदात बुंदीचे चार-सहा दाणे, त्याला लागलेलं कुंकू, आणि तिचा हात माझ्यापुढे. “घ्या न सिस्टर, परसाद आहे. तुम्ही रातभर जागल्या.” मी हात मागे घेतला आणि म्हटलं, “आम्ही नाही खात.” तिने काही न बोलता कागद चार घड्या करून मिटला आणि पदरात बांधला. त्या चार घड्या मला आजही दिसतात. मी नाही म्हटलं ते चूक होतं असं मी म्हणत नाही. पण तिने जे आणलं होतं ते मी पाहिलंच नाही. तिने आभार आणले होते आणि मी त्यात फक्त मूर्ती पाहिली.

बायबलमधल्या प्रेषित पौलाला हा प्रश्न जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीने विचारला होता. करिंथकरांस पहिल्या पत्रातले आठवा आणि दहावा हे अध्याय एका बैठकीत वाच, तुकडे तोडून नको. तिथल्या बाजारात विकायला येणारं पुष्कळसं मांस देवळात वाहिलेलं असायचं. पौल एकच नियम करून मोकळा होत नाही, जागा पाहून उत्तर देतो. बाजारात आहेस? घे, चौकशी करत बसू नको. कुणी घरी जेवायला बोलावलं? वाढलं ते खा. कुणी मुद्दाम सांगितलं की हे देवाला वाहिलेलं आहे? मग खाऊ नको, आणि तेही सांगणाऱ्याच्या मनासाठी. पण देवळातल्या पंगतीत बसून त्या उपासनेचाच भाग होणं, ते मात्र प्रभूच्या मेजाबरोबर, म्हणजे प्रभुभोजनाबरोबर, जुळत नाही.

तू म्हणशील, आंटी, प्रसाद तर सांगूनच देतात, म्हणजे तिसरा नियम लागला. माझ्या घरात यावरून तीस वर्षं दोन मतं आहेत. माझे मिस्टर तसंच म्हणतात आणि खात नाहीत. मी असं वाचते की पौलाचं लक्ष दाण्यावर नाही, माणसावर आहे. देणाऱ्याला काय वाटेल, शेजारी बसलेल्या कच्च्या विश्वासाच्या भावाला काय वाटेल, हे तो विचारतो. वॉर्डातली ती आई मला पूजेत ओढत नव्हती. म्हणून अशा ठिकाणी मी दोन्ही हातांनी घेते आणि मनात प्रभूचे आभार मानून खाते. पण वर्गातली एखादी नवी मुलगी शेजारी असेल, जिने नुकतंच हे सगळं सोडलंय आणि घरच्यांचा रोष पत्करलाय, तर तिच्यासमोर घेत नाही. एका ताटात आमची दोन मतं नांदतात. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय याच्यासाठीच आहे: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये. तू आईच्या घरात राहतेस, तिचं मन दुखत असेल तर नको खाऊस.

पण न खाण्याचीही रीत असते. सगळ्यात वाईट म्हणजे हसत घ्यायचं, ड्रॉवरमध्ये सरकवायचं आणि संध्याकाळी डस्टबिनमध्ये टाकायचं. डस्टबिन उचलणाऱ्या बाईला ते दिसतं बरं. त्यापेक्षा तोंडावर सांग: “माझ्या श्रद्धेत प्रसाद घेत नाहीत गं, पण तुझ्या बाबांचं ऑपरेशन नीट झालं ना, सांग मला सगळं.” आणि मग खरंच बसून ऐक. दहा मिनिटं ऐकलंस तर न घेतलेला प्रसाद तिच्या लक्षातही राहणार नाही.

आता तुझा खरा प्रश्न, पूजेच्या दिवशी कुठे उभं राहायचं.

आमच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, खंडेनवमीला शस्त्रपूजा व्हायची. हिरवा कपडा अंथरायचा, त्यावर आर्टरी फोर्सेप्स, कात्र्या, नीडल होल्डर ओळीने मांडायचे, झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. ट्रॉली माझ्या ताब्यात, म्हणजे मांडामांड माझ्याकडे आली. पहिल्या वर्षी मी पोटदुखीचं सोंग करून घरी राहिले. हो, मीही तुझ्यासारखंच केलंय. दुसऱ्या वर्षी आठवडाभर आधी मी आमच्या इन्चार्ज सिस्टरांकडे एकटीच गेले. म्हटलं, “मॅडम, पूजेला माझा विरोध नाही, पण मी हात जोडणार नाही, मी येशूला मानते. माझ्यामुळे कुणाची पूजा अडायला नको, म्हणून त्या वेळात इमर्जन्सीचं टेबल मी सांभाळते. आणि मांडायला जुना सेट काढून देते, चालू सेटना हळदकुंकू लागलं की पुन्हा ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने निर्जंतुक, करावे लागतात.” त्या क्षणभर पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “बरं झालं बाई, दर वर्षी हाच घोळ होतो.”

तिसऱ्या की चौथ्या वर्षी ऐन आरतीच्या वेळी एक बाळंतीण आली, बाळाचे ठोके उतरत होते. सगळा स्टाफ मांडवाशी आणि एका टेबलावर निर्जंतुक साहित्याचा ड्रम उघडायला तयार. पुढची चाळीस मिनिटं मला आठवतही नाहीत, फक्त बाळ रडल्याचं आठवतं. त्यानंतर कुणी मला पूजेला बोलावलं नाही. रागाने नव्हे. “सिस्टर तिकडे पाहिजेत” म्हणून. मला उभं राहायला जागा मिळाली होती, आणि ती सगळ्यांच्या उपयोगाची होती.

तुझ्याकडेही असं टेबल असेलच. पूजेच्या तासाभरात क्लायंटचा फोन कुणीतरी उचलावा लागतो, सपोर्टची रांग कुणीतरी पाहावी लागते. ते काम मागून घे. आधी, एकटीने, टीम लीडला भेटून. आदल्या दिवशी नको आणि सगळ्यांसमोर तर नकोच. आणि पूजा झाली की फ्लोअरवर जा, सोनं वाट, सोनं घे. आपट्याची पानं आहेत ती, घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

बायबलमधल्या दानीएलाची गोष्ट रविवारच्या शाळेत आपल्याला सिंहाच्या गुहेपर्यंत पळवत नेतात आणि पहिला अध्याय राहून जातो. बाबेलच्या राजवाड्यात त्याने खास्द्यांची, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्यांची, भाषा शिकली, त्यांचं साहित्य शिकलं, त्यांनी ठेवलेलं परकं नाव चालवून घेतलं. तीन वर्षांचा अभ्यासक्रम होता तो. नाही म्हटलं ते राजाच्या ताटातल्या अन्नाला. आणि म्हटलं कसं ते बघ. खोजांचा सरदार म्हणतो, तुमचे चेहरे उतरले तर राजा माझं डोकं उडवील. दानीएल त्याला ‘ते तुमचं तुम्ही बघा’ म्हणत नाही. देखरेख करणाऱ्याला म्हणतो, दहा दिवस आम्हाला शाकभाजी आणि पाणी देऊन बघा, मग तुम्हीच ठरवा. म्हणजे नकार देतानाच त्याने समोरच्याची नोकरी वाचवायची वाट काढून दिली. आपल्याकडे नकार पुष्कळ आहेत, ही वाट काढणं कमी पडतं.

आणखी एक. पूजेच्या वेळी बाजूला उभी राहणारी तू एकटी आहेस असं वाटतंय तुला. नीट बघ. हे नागपूर आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली आणि मग लाखो लोकांना २२ प्रतिज्ञा दिल्या. ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण, गौरी-गणपती यांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, हे त्यात स्पष्ट आहे. तुझ्या टीममध्ये जयभीम म्हणणारे दोन-चार जण नक्की असतील आणि त्यांनी तुझ्या आधीच कुठे उभं राहायचं ते ठरवलेलं असेल. माझी ड्युटीवरची जोडीदारीण नागपुरातल्याच इंदोऱ्याची बौद्ध होती. पहिल्या पूजेला ती मजेत टेबलाशी बसून बिलं लावत होती, कसलंही सोंग नाही. मीच मूर्ख, पोटदुखी काढून घरी. ताठ मानेने आणि कुणाचं मन न दुखवता बाजूला कसं राहायचं ते मी तिच्याकडून शिकले. रविवारच्या संदेशांतून नाही.

तिच्याबरोबरच माझा रोस्टरचा धंदा सुरू झाला. दसऱ्याला तिला दीक्षाभूमीवर जायचं असायचं, तिच्या मंडळाचा पाण्याचा स्टॉल असायचा. लक्ष्मीपूजनाला बाकी सगळ्यांना घरी जायचं असायचं. या दोन्ही पाळ्या मी घ्यायला लागले. एक-दोन वर्षं नाही, निवृत्त होईपर्यंत. लक्ष्मीपूजनाच्या रात्री वॉर्डात भाजलेली लेकरं येतात, फटाक्यांची. ती रात्र सोपी नसते. पण मग २४ डिसेंबरची रात्र मला कधी मागावी लागली नाही. रजिस्टरमध्ये कुणीतरी आधीच लाल शाईने माझ्या नावापुढे ‘ऑफ’ लिहून ठेवायचं. तुझ्याबद्दल मला एकच काळजी वाटते. तुझी पहिली ओळख ऑफिसला ‘नाही’ने होऊ नये. तुझी वीस-पंचवीस ‘हो’ आधी त्यांच्या खात्यावर पडू देत, मग एक ‘नाही’ त्यांना जड जाणार नाही.

बारीकसारीक गोष्टी भराभर सांगते. गणपतीची वर्गणी: मी महाप्रसादाच्या जेवणाला किंवा रक्तदान शिबिराला म्हणून देते, पावतीवर तसं लिहून घेते, आणि शिबिरात स्वतः जाऊन उभी राहते. आरती सुरू असेल तर मोबाइल बाजूला ठेवून आदराने उभी राहते, ताट हातात घेत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाते. माझ्या काळ्या मण्यांत क्रूस आहे हे बायकांना माहीत असतं, तरी एखादी बोट पुढे करतेच. “कुंकू नको, तिळगूळ दुप्पट दे” म्हटलं की हसण्यावारी जातं. मैत्रिणीकडे महालक्ष्म्यांचं जेवण असलं तर जाते, आमच्या घरात कुणाला तशी आंबील जमत नाही. यातल्या प्रत्येक गोष्टीवर मंडळीत तुला वेगळं सांगणारे भेटतील. त्यांचंही ऐक.

आणि मन फारच अडकलं तर बायबलमधल्या नामानाला आठव. अरामाचा सेनापती, यार्देनेत कोड गेलं, आता परमेश्वराशिवाय कुणाला भजणार नाही म्हणतो. पण रिम्मोन नावाच्या देवाच्या देवळात राजा याच्या हातावर टेकतो, तेव्हा यालाही वाकावं लागणार. तो अलीशा संदेष्ट्याला विचारतो, तेवढ्याची मला क्षमा होईल ना? अलीशा त्याला नियमावली देत नाही. शांतीने जा, म्हणतो.

जिथे मला ठामपणे बोलायचंय तो विषय तू विचारलाच नाहीस.

एके ठिकाणी, कुठे ते सांगत नाही, मला ग्लोव्हजचे चाळीस बॉक्स आल्याची सही करायला सांगितलं. मी कपाट उघडून मोजले. अठरा. “सिस्टर, सगळेच करतात, बाकीचे मागून येतील.” मी रजिस्टरमध्ये ‘प्रत्यक्ष १८’ लिहिलं आणि त्याखाली सही केली. महिनाभरात माझी बदली झाली आणि सलग तीन महिने रात्रपाळी लागली. मुलगा तेव्हा दहावीला होता. त्या तीन महिन्यांत मंडळीतल्या कुणाला याचा पत्ता नव्हता. डबा आणून द्यायची ती वॉर्डातली मावशी, आणि धीर द्यायचे ते एक मुसलमान फार्मासिस्ट, ज्यांनी आपल्या रजिस्टरमध्येही अठराच लिहिले होते. आपण प्रसादाच्या चार दाण्यांवर रात्र जागतो आणि खोट्या बिलावर डोळे मिटून सही करतो, अशी माणसं मी आपल्याच बाकांवर पाहिली आहेत. तुझ्या ऑफिसात टाइमशीट भरताना, न केलेल्या टेस्टिंगसमोर ‘पूर्ण’ अशी खूण करताना, तुझा खरा दसरा असतो.

याच ओघात कागदावरच्या धर्माचं बोलते. तुला लागू नसेल तर सोडून दे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दाखला आधी जवळजवळ फक्त हिंदूंना मिळत होता. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. जात मंडळीत येऊनही सुटत नाही, हे मंडळीत लग्नं जुळवणारा कुणीही सांगेल. म्हणून हा अन्याय आहे असं माझं मत आहे आणि तो कोर्टात, संसदेत मांडलाच पाहिजे. पण त्यामुळे कितीतरी घरांत दोन नावं, दोन धर्म आणि मुलांना ‘बाहेर सांगू नको’ अशी तंबी असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात स्पष्ट म्हटलं की ख्रिस्ती म्हणून जगत असताना केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवणं ही संविधानाशी फसवणूक आहे. ज्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे त्यांच्यावर मी दगड उचलणार नाही. पण ज्या मुलाला लहानपणापासून विश्वास लपवायला शिकवलंय, तो मोठेपणी मिहानमध्ये जाऊन चुलतभावाचं लग्नच सांगणार. तुझ्या घरात असं काही असेल तर आईबाबांबरोबर बसून बोल. त्यांना दोष न देता.

विश्वासाबद्दल बोलायचं कधी? पेशंटच्या खाटेशी माझं एक पथ्य होतं: विचारल्याशिवाय नाही. घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो, त्याच्या भीतीचा फायदा घेऊन मिळवलेलं हो प्रभूच्या काय कामाचं? आपल्या संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि प्रसाराचा हक्क दिलाय. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही सांगितलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. मला विचारशील तर खाटेशी कायद्याच्याही आधी लाज असावी. पण कुणी स्वतःहून म्हटलं, “सिस्टर, तुमच्या देवाला सांगा न थोडं,” तर मी तिथेच डोळे मिटून दोन वाक्यं बोलायचे, घरच्या मराठीत. “प्रभू, या बाईला भीती वाटते आहे. तिच्याजवळ राहा.” बस. आपल्या सभांमधली भाषा बाहेर कळत नाही. ‘रक्ताने धुतले जाणे’ हे शब्द ओटीच्या दारात बसलेल्या नातेवाइकापुढे उच्चारून बघ, तो पळून जाईल. येशूचा शिष्य पेत्र म्हणतो की तुमच्या आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने. म्हणजे आधी कुणीतरी विचारावं असं जगणं आलं.

एक प्रश्न मात्र हमखास येतो, तयार राहा: “तुमचे लोक तांदळासाठी झाले ना ख्रिस्ती?” पूर्वी मी चिडायचे. आता खरं ते सांगते. माझे पणजोबा १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात आले, तेव्हा सहा वर्षांचे होते. पोटासाठीच आले. सहा वर्षांचं पोर दुसऱ्या कशासाठी येणार? पण मोठे झाल्यावर त्यांना कुणी बांधून ठेवलं नव्हतं, आणि ते गेले नाहीत. का गेले नाहीत हे विचारायला थांबणारा माणूस भेटला तर पुढचं बोलणं होतं. नाही थांबला तर चहा होतो.

आणि तूही विचारत जा गं. आपण सांगायला उतावीळ असतो आणि ऐकायला आपल्याला वेळ नसतो. तू ज्या शहरात राहतेस तिथे १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप नावाचा स्कॉटिश मिशनरी आला. पुढे १८८३ मध्ये निघालेल्या कॉलेजला त्याचं नाव दिलं, म्हणून आपल्याला तो ठाऊक. उपदेश तर तो करायचाच, पण इथले दगड आणि जीवाश्म त्याने इतके अभ्यासले की एका खनिजाला हिस्लॉपाइट नाव पडलं. गोंडांमध्ये बसून त्याने त्यांच्या लिंगो या आदिपुरुषाचं गीत गोंडीत उतरवून घेतलं, तो गेल्यानंतर ते १८६६ मध्ये छापलं गेलं. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटच्या शिलावर्तुळांचं उत्खनन पाहून परतताना बोरीजवळ पुराच्या पाण्यात तो बुडाला. त्याच्या प्रत्येक मताशी मी सहमत नाही, गोंडांच्या देवांबद्दल त्याने काय विचार केला असेल याचा अंदाज येतो. पण ज्याच्याशी आपलं पटत नाही त्याचं गाणं शब्दन्‌शब्द लिहून घ्यायला बसणं, हे त्याचं मला फार आवडतं. तुझ्या त्या ‘देव सगळे सारखेच’ म्हणणाऱ्या मैत्रिणीला तिच्या आजीच्या देवाबद्दल कधी विचारलंस का? सगळे सारखे नाहीत, हे बहुधा तीच तुला सांगेल.

व्हॉट्सअॅपचं एकच. दुसऱ्यांच्या देवांची टर उडवणारे मेसेज आपल्याच मंडळीच्या ग्रुपवर फिरतात. पुढे पाठवू नको, आणि पाठवणाऱ्याला फोन करून सांग. ऑफिसच्या ग्रुपवर आपल्याबद्दल काही वाईट आलं तर तिथे उत्तर देऊ नको. त्या माणसाला तुझ्या टेबलाशी बोलाव. टाइप करून कुणाचं मन बदललेलं मी पाहिलेलं नाही.

राहिलं ते लग्नाचं खोटं. टीम लीडला जाऊन सांग: “मागच्या वर्षी मी रजेचं कारण खोटं दिलं होतं, आमच्याकडे नाताळ असतो.” दोन वाक्यं. रडू नको, सभेतल्यासारखी साक्षही देऊ नको. तो बहुधा म्हणेल, मग सांगायचं ना. या वर्षीचा अर्ज नोव्हेंबरातच टाक आणि कारणाच्या रकान्यात ‘नाताळ’ लिही. आणि त्याआधी दिवाळीची एक ऑन-कॉल रात्र मागून घे.

नाताळ झाला की २७ ला डबा भरून ने. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, जमलं तर अनारसे. कुणीतरी नक्की म्हणणार, “अगं हा तर आमचा दिवाळीचा फराळ!” तू म्हण, आमचाही हाच, फक्त दोन महिने उशिरा. मग प्रश्न येतील, त्यांची उत्तरं तुला येतात. टीममध्ये चौदा जण आहेत म्हणतेस, तरी करंज्या चाळीस कर. पलीकडच्या टेबलांवरचेही येतात, अनुभव आहे. आणि सारणात खसखस भाजून घाल, आईला विचार, ती विसरते दर वर्षी.